वापरणाऱ्याची चूक

पासवर्ड विचारणारी ती चौकोनी खिडकी पुन्हा पडद्यावर आली, तसे मास्तरांनी कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवून दिले. उगाच आपल्यावर आळ यायला नको.

"बघ. परत आली. आणि मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"दिसतंय मला," टपालताई म्हणाली. "तुम्ही जरा सरका."

मास्तर खुर्चीसकट बाजूला झाले. टपालताईनं उभ्याउभ्याच माउस हातात घेतला. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मेलचा सर्व्हर तिच्या ताब्यात होता. तिचं पद कागदावर चांगलं भारदस्त होतं, पण ते कुणाच्या तोंडी कधी बसलं नाही. मेल अडला की टपालताई, उशिरा आला की टपालताई, आणि साहेबाबद्दल लिहिलेलं चुकून साहेबालाच गेलं, की पडेल आवाजात, "टपालताई, परत आणता येईल का हो?"

वायर ठीक होती. सर्व्हरचं नाव बरोबर, पोर्टचा आकडा बरोबर. काँप्युटरचं घड्याळ मागेपुढे असलं तरी सर्व्हर दाद देत नाही, म्हणून तिनं तेही पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा मेल सुरळीत चालू होता. म्हणजे सर्व्हर धडधाकट होता, रस्ता मोकळा होता, आणि अडवलं जात होतं ते फक्त मास्तरांना. तिनं काखेतला लॅपटॉप टेबलावर टेकवून त्यांचं खातं उघडलं. खात्याला कुलूप लागलं होतं.

"पासवर्ड चुकला होता का?"

"एकदाही नाही. गेल्या आठवड्यात तुमच्या नियमाप्रमाणे बदलला, तेव्हापासून तोंडपाठ आहे. म्हणून दाखवू?"

"नको, नको. तो कुणाला सांगायचा नसतो."

चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला, की सर्व्हर ते खातं आपोआप बंद करी. चोराचिलटांना बाहेर ठेवण्यासाठी केलेली सोय. पण पासवर्ड कोण टाकतंय, हे बघायला सर्व्हरला डोळे थोडेच असतात! नाव मास्तरांचं, पासवर्ड चुकीचा, की लाव कुलूप.

"आणि हे आजच व्हायचं होतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

आज काय होतं, हे अख्ख्या तपासणी विभागाला ठाऊक होतं. नदीपलीकडच्या नव्या कारखान्याला तपासणीप्रमुख हवा होता. मुख्य कार्यालयानं दोन नावं काढली होती. पहिलं मास्तरांचं. विभागात जो कोणी बाटली हातात धरून तिच्यातला तडा शोधत होता, तो त्यांच्याकडूनच शिकलेला होता. शिकवताना ते असे काही तापत, की त्यांचं नाव मास्तर पडलं ते कायमचं. दुसरं नाव टपालताईच्या धाकट्या भावाचं, बाळ्याचं. काल मास्तरांना मेल आला होता: मान्य असल्यास आज काम सुटायच्या आत कळवा, आणि कळवायचं ते स्वतःच्या ऑफिसच्या मेलवरूनच. मागे एकानं फोनवर हो म्हणून नंतर हात वर केले होते, तेव्हापासून मुख्य कार्यालय तोंडी होकार ऐकून घेत नसे. उत्तर गेलं नाही, तर पद आपसूक दुसऱ्या नावाकडे.

मास्तरांना याआधी दोनदा डावललं होतं. निवृत्ती आता उंबरठ्यावर आली होती. ही तिसरी खेप, आणि शेवटची.

"काल घरी सांगितलं," ते हळूच म्हणाले. "ही इतकी खूश झाली, की पोळ्या टाकून माहेरी फोन. सगळ्यांना सांगून मोकळी."

"जाईल हो मास्तर मेल. दिवस पडलाय अजून."

पलीकडच्या टेबलावरून विभागाच्या कारकुनानं मान वर केली. हा गृहस्थ स्वतःचं काम सोडून बाकी सगळ्यांच्या कामात लक्ष घालायला कायम मोकळा असे.

"मास्तर, नव्या कारखान्यात बाटल्यासुद्धा काँप्युटर तपासणार म्हणे. तिथं ही खिडकी आली, तर टपालताईला होडीत घालून न्यावं लागेल."

दोघं-तिघं हसले. मास्तरही हसले, पण पडद्यावरची नजर काढली नाही.

"तुमचा मोबाइल द्या," टपालताई म्हणाली. "पासवर्ड बदलला, की जुना पासवर्ड मोबाइलच्या पोटात तसाच राहतो, आणि तो बिचारा खिशात बसून सर्व्हरला तोच देत राहतो. बहुतेक वेळा चोर घरातलाच निघतो."

तिनं मोबाइलमधून ऑफिसचा मेल काढून टाकला आणि कुलूप उघडलं. सकाळपासून अडकलेले मेल भराभर पडद्यावर उतरले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. खुर्ची पुढे ओढून त्यांनी दोन बोटांनी 'माननीय' लिहिलं, मग ते खोडून 'सन्माननीय' लिहिलं, मग पुढचं काय लिहावं याचा विचार करत बसले. विचार संपायच्या आत खिडकी पुन्हा दत्त म्हणून हजर.

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला त्यांच्या वतीनं लाज वाटली.

"मी सर्व्हरवर बघून येते," ती म्हणाली.

सर्व्हरची खोली जिन्याखाली होती. आत बारमाही गारठा, म्हणून खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर कायम टांगलेला. आज तो अंगात चढवायचंही तिला सुचलं नाही. कुठल्या खात्यावर कोणता काँप्युटर कधी येऊन गेला, याची नोंद सर्व्हर स्वतःच ठेवत असतो. तिनं मास्तरांचं खातं शोधलं. चुकीचे पासवर्ड ओळीनं पडले होते, सकाळपासून. मोबाइलवरून एकही नाही. मास्तरांच्या काँप्युटरवरूनही नाही. सगळे एकाच जागेवरून आले होते, आणि त्या जागेचा आकडा कुणाच्या काँप्युटरचा, हे तिला तक्त्यात शोधावं लागलं नाही. तो काँप्युटर तिनं स्वतःच्या हातानं जोडला होता. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो अशी भावानं कुरकुर केली, म्हणून टेबलही तिनंच फिरवून दिलं होतं.

तरी तिनं तक्ता उघडला. आकडा ताडून पाहिला. ती पाहत असतानाच खाली आणखी एक ओळ आली. कुलूप आधीच लागलेलं होतं, तरी हा आपला धक्के मारतच होता.

आईबाबा पाठोपाठ गेले तेव्हा बाळ्या शाळेत होता. तेव्हापासून त्याची आई तीच आणि बापही तीच. शिकवलं, नोकरीला चिकटवलं, लग्न लावून दिलं. आता तो, त्याची बायको आणि ती एकाच घरात राहत होते, आणि घरात बाळाची वाट पाहणं चालू होतं. नोकरीसाठी तिनं शब्द टाकला होता तो मास्तरांकडेच. "पोरगा चंचल आहे, पण डोळा चांगला आहे," असं म्हणत मास्तरांनी त्याला पदरात घेतलं होतं. आणि आता तो त्यांच्याच नावानं चुकीचा पासवर्ड टाकत बसला होता. कुलूप लागतं कसं, हेसुद्धा त्याला तिनंच शिकवलेलं. मागे एकदा जेवताना तिनं हिशेबनिसाची फजिती सांगितली होती. त्यानं घाईघाईत चारदा चुकवून स्वतःलाच कोंडून घेतलं होतं. बाळ्या पोट धरून हसला होता, आणि मग त्यानं विचारलं होतं, "आणि दुसऱ्या कुणी त्याच्या नावानं चुकवला तर?" "तरी लागतं," ती म्हणाली होती, आणि त्याला वाढत राहिली होती.

ती वर गेली तेव्हा त्याच्या खोलीतले बाकीचे चहाला गेले होते. तो एकटाच होता, तिच्याकडे पाठ करून.

"बाळ्या, हात काढ."

तो दचकला. "काय ग ताई?"

"कीबोर्डवरचे हात काढ म्हटलं."

त्यानं हात काढले. आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही, मी कुठं" असलं काही तो म्हणेल, असं तिला वाटलं होतं. ते ऐकायची तिची तयारीही होती.

"कुणाला कळलं?" त्यानं विचारलं.

"मला."

"मग ठीक आहे."

त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला तिला दिसला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणी मारली नाही ती थोबाडीत आत्ता द्यावी, असं तिला वाटलं.

"ठीक आहे? ज्या माणसानं तुला बाटली धरायला शिकवलं, त्याच्या बाबतीत?"

"हळू बोल. त्यांची नोकरी संपत आली. माझी अख्खी पुढं पडलीय. आणि मी त्यांचं चोरलं काय? एक दिवस दार लावून ठेवलं, एवढंच. त्यांचं इथलं आहे ते कुठं जात नाही."

"सापडलास तर हाकलून देतील, अक्कल आहे का?"

"पकडणार कोण? नोंदी तर तुझ्याकडेच असतात." त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. "तू आहेस म्हणूनच केलं, ताई."

हे त्यानं लाडीगोडीनं म्हटलं असतं, तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. पण छत्री होती म्हणून घरातून निघालो, असं कुणी म्हणावं, तितक्या सरळपणे तो म्हणाला.

"आता एकदा जरी पासवर्ड पडला, तर मी स्वतः साहेबांकडे जाईन."

त्यानं मान हलवली. ती जाणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

जिना उतरताना तिनं मनाशी हिशोब लावला. वेळ अजून होता. कुलूप काढायचं, मास्तर मेल पाठवतील, पद त्यांना मिळेल. कुणाचं काही जात नाही. बाळ्याशी घरी काय बोलायचं ते घरी बघू. खोलीत शिरताच तिनं कुलूप काढलं. नवी ओळ येते का, हे पाहत थोडा वेळ बसली. आली नाही. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. प्रशासनवाले साहेब होते.

"अहो टपालताई, मास्तरांची तक्रार सकाळपासून माझ्या पडद्यावर लाल दिसतेय. 'सर्व्हर बिघडला आहे' असं लिहिलंय त्यांनी. सुटलं का ते?"

"सुटलं, साहेब."

"मग बंद करा की ती. आणि कारण टाका, नाहीतर वरून मलाच फोन येतात."

तक्रार बंद करायची तर कारण निवडावं लागे. दोनच कारणं होती. सर्व्हरचा दोष, किंवा वापरणाऱ्याची चूक. पहिलं निवडलं, की मुख्य कार्यालयातली माणसं त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मागवून घेत आणि ओळ न् ओळ चाळत. दुसरं निवडलं, की विषय तिथंच संपे. वापरणाऱ्याच्या चुकांचं कुणाला काय पडलंय! टपालताई आजवर अशा बाबतीत काटेकोर होती. ज्याचं माप त्याच्या पदरात टाकायचं, मग तो साहेब असो नाहीतर रखवालदार. तिनं दुसरं कारण निवडलं. तक्रार हिरवी झाली. बंद झालेल्या तक्रारीचं उत्तर तक्रार करणाऱ्याला जातं आणि त्याची प्रत विभागाला जाते, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या क्षणी ते तिला आठवलं नाही, किंवा तिनं आठवू दिलं नाही.

ती तपासणी विभागात पोचली तेव्हा कारकून विभागाची प्रत मोठ्यानं वाचत होता.

"'वापरणाऱ्याने वारंवार चुकीचा पासवर्ड टाकल्यामुळे खाते बंद झाले होते.' वारंवार, मास्तर! आणि आम्ही सकाळपासून त्या गरीब सर्व्हरला शिव्या घालतोय."

हशा झाला. मास्तर त्यातही सामील झाले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग एकेक जण आपापल्या कामाला लागला. टपालताई त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली.

"उघडलं ग खातं," ते म्हणाले. "पहिला मेल तुझाच आला."

"ते ठरलेलं वाक्य असतं, मास्तर. सगळ्यांना तेच जातं."

"सगळ्यांना जात असेल. पण खरं असतं ना?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तिची नजर पडद्यावर गेली. मेल लिहून झाला होता. माझ्यावर विश्वास दाखवलात, त्याबद्दल ऋणी आहे. मात्र हे पद स्वीकारणे मला शक्य नाही. माझ्यानंतर ज्याचे नाव आहे तो मुलगा हुशार आहे. त्याला मी स्वतः तयार केले आहे.

"हे काय लिहिलंत?"

"बरोबर लिहिलंय."

"मास्तर, अहो, पासवर्ड कुणाचाही चुकतो. रोज दहा जणांचे चुकतात. त्यावरून कुणी पद सोडतं का?"

"चुकला असता, तर काही नव्हतं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "चुकतो तेव्हा माणसाला कळतं ग, की चुकला. मी बरोबर टाकतोय असं मी शपथेवर सांगितलं असतं. तुलाच सांगितलं. आणि टाकत होतो चुकीचा, तेही सकाळपासून. हे डोकं घेऊन तिथं जाऊ? उद्या तडा गेलेली बाटली हातात घेऊन चांगली आहे म्हणेन, तीही असंच शपथेवर. ती मग कुणाच्या तरी हातात फुटेल."

"असं काही होणार नाही."

"माझ्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं," मास्तर म्हणाले. "आधी किल्ल्या. मग नावं."

तिनं काखेतला लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"घरी काय सांगणार?" तिनं विचारलं.

"तेच तर कळत नाहीये." त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "म्हणून तुला विचारतो. तू मशीनच्या आत जाऊन बघितलंस. ते माझ्याच हातून होत होतं ना? नक्की? दुसरं काही असेल, तर आत्ताच्या आत्ता हे पुसतो आणि मान्य म्हणून लिहून टाकतो. वेळ आहे अजून."

वेळ होता. 'नाही' एवढा एक शब्द पुरे होता. पण त्यानंतर मास्तर विचारणार, मग कुणाच्या हातून? आणि एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडणारा हा माणूस नव्हता. सर्व्हरचा दोष म्हटलं, तर ते कारण बदलून घ्यायला तडक साहेबांकडे जाणार, आणि नोंदी उघडणार. काचेच्या पार्टिशनपलीकडे चहाहून परतलेली मंडळी दिसत होती. त्यांच्यात बाळ्या होता. कुणाच्या तरी बोलण्यावर तो मान मागे टाकून हसत होता, लहानपणी हसायचा तसाच. टपालताईला त्याची किळस आली. मग स्वतःची आली, आणि ती जास्त होती.

"हो, मास्तर," ती म्हणाली. "तुमच्याच हातून होत होतं."

मास्तरांनी हळूहळू मान हलवली.

"बरं झालं विचारलं. उगाच तुझ्या सर्व्हरला नावं ठेवत बसलो होतो."

त्यांनी माउस नीट धरला आणि बटण दाबलं. खिडकी आली नाही. पडदा स्वच्छ होता.

"गेला का, बघ."

तिनं लॅपटॉप उघडला. खात्री करायला बराच वेळ लागल्यासारखं तिला वाटलं.

"गेला."

मास्तर उठले. खुर्ची टेबलाखाली सरकवली, सदरा खाली ओढून सारखा केला आणि तिच्यापुढे जरासे ओशाळे होऊन उभे राहिले.

"माझ्यापायी तुझा फार वेळ गेला आज," ते म्हणाले.